पैसे फोनवरून दिले तर कुणाला काय कळतं?

प्रश्न असा आला आहे: 'मिरजेजवळच्या गावात आमचं किराणा दुकान आहे. मी पुण्यात नोकरीला असतो. वडील दुकानात स्कॅनर लावायला तयार नाहीत. फोनवर पैसे घेणं म्हणजे चावडीवर हिशेब वाचून दाखवणं, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं सुट्ट्यांची कटकट जाईल आणि तरुण गिऱ्हाईक टिकेल. कोणाचं बरोबर? आणि जाता जाता, आईलाही फोनवरून पैसे द्यायला शिकवावं म्हणतोय. तिचं खातं वडिलांच्याच नंबरला जोडलेलं आहे, त्यामुळे फार काही करावं लागणार नाही ना?'

तुम्ही 'जाता जाता' जे विचारलंत तोच मला मोठा प्रश्न वाटतो. पण तो शेवटी घेतो. आधी तुमच्या वडिलांचं ऐकायला हवं, कारण ते अडाणीपणाने बोलत नाहीयेत.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, बरीचशी सांगली-कोल्हापूरकडच्या शाखांमध्ये. आधी कर्ज विभाग, आणि निवृत्त होण्याआधीची काही वर्षं डिजिटल तक्रारींचं टेबल. 'साहेब, पैसे कटले पण समोर पोचले नाहीत' हे वाक्य किती वेळा ऐकलं याची गणती नाही. तेव्हा जे लिहितोय ते त्या टेबलावरून दिसलेलं आहे.

सोयीचं म्हणाल, तर ती नेमकी कशात आहे ते बघा. फोनने पैसे झटकन जातात असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. शंभराची नोट द्यायची नि वीस परत घ्यायचे, याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात फोनवाल्याचं ॲपसुद्धा उघडलेलं नसतं. मग स्कॅन, मग आकडा, मग पिन, मग ते गोल फिरणारं चक्र आणि मान वर करून रेंज शोधणं. खरी सोय आहे ती सुट्ट्यांची. चौदा रुपयांच्या बिलाला चौदाच रुपये जातात. रुपयाऐवजी हातात चॉकलेट येत नाही, 'दोन रुपये पुढच्या वेळी' होत नाही, कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देत नाही. तुमच्या वडिलांच्या दुकानात सकाळी सहा ते नऊ या वेळात दूध-पाव-साखरेची गिऱ्हाइकं येतात, तेव्हा गल्ल्यात सुटे नसले की काय होतं ते त्यांनाच विचारा.

यूपीआय सुरू झालं ११ एप्रिल २०१६ रोजी. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि डिसेंबरच्या ३० तारखेला भीम ॲप. सगळे समजतात की नोटाबंदीने हे पसरलं. धक्का तिने दिला हे खरं, पण चहाच्या टपरीपर्यंत ते पोचलं दोन गोष्टींमुळे. १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला यूपीआयवर कमिशन द्यावं लागेनासं झालं, आणि पैसे आल्याचं मोठ्याने ओरडून सांगणारा तो डबा आला. तो डबा आल्यावर दुकानदाराला दर वेळी चष्मा लावून मेसेज वाचावा लागेना. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातले व्यवहार पहिल्यांदा १,००० कोटींच्या वर गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींच्या. पण रोख संपली म्हणाल तर तसं नाही. नोटाबंदीच्या आदल्या दिवसांत देशात सुमारे १८ लाख कोटींच्या नोटा फिरत होत्या, मार्च २०२४ अखेर त्या सुमारे ३५ लाख कोटींच्या झाल्या. लोक खर्च फोनने करतात नि साठवण नोटांत करतात, असा मी याचा अर्थ लावतो. त्याचं कारण आईच्या मुद्द्यापाशी येईल.

आता चावडी. तुमच्या दुकानात कुणी स्कॅन करून २४० रुपये दिले, तर ती खबर कुठून कुठे जाते? गिऱ्हाइकाचं ॲप, त्या ॲपला जोडून घेतलेली बँक, मध्ये एनपीसीआय म्हणजे राष्ट्रीय देयक महामंडळ, गिऱ्हाइकाचं खातं असलेली बँक, तुमची बँक आणि तुमच्या स्कॅनरची कंपनी. पाच-सहा ठिकाणी नोंद पडते. त्या नोंदीत असतं काय, तर कुणी, कुणाला, किती, केव्हा, आणि दुकान कोणत्या प्रकारचं. पिन ॲपवाल्याला दिसत नाही. तो फोनमध्येच कुलूपबंद होऊन बँकेकडे जातो. आणि गिऱ्हाइकाने साखर घेतली की साबण, हे यातल्या एकालाही कळत नाही. ते कळतं बिलाच्या मशीनला, जेव्हा मोठ्या दुकानातली मुलगी 'सर, मोबाइल नंबर?' विचारते तेव्हा. तिथे रोख दिली तरी नंबर सांगितलात की तुमची यादी त्यांच्याकडे गेलीच. नंबर दिल्याशिवाय माल देणार नाही असा हट्ट दुकानदारांनी धरू नये, असं ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. हे फार लोकांना माहीत नसतं. सरळ 'नाही' म्हणावं.

ॲप फुकट आहे, कमिशन नाही, तर ते कमावतात कशावर, हा प्रश्न तुमच्या वडिलांनी विचारला तर तो रास्त आहे. कर्ज, विमा, म्युच्युअल फंड, जाहिराती, डब्याचं महिन्याचं भाडं, आणि लहान दुकानदारांच्या व्यवहारांवर सरकार देतं ते थोडं अनुदान. म्हणजे तुम्ही किती उलाढाल करता हे कळणं हाच त्यांचा धंदा. स्कॅनर लावल्यावर काही महिन्यांनी 'तुम्हाला कर्ज मंजूर आहे' असा फोन आला, तर तो योगायोग समजू नका. ही माहिती देशातच ठेवायची, असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बजावलं, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीचा कायदाही झाला. पण माहिती देशात राहिली म्हणजे ती तुमच्या मुठीत राहिली असं होत नाही.

वडिलांची खरी भीती मात्र कराची असणार. कुणी तोंडाने म्हणत नाही, पण किराणावाल्याच्या पोटात तीच असते. त्याला अलीकडचं उदाहरण आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात व्यावसायिक कर खात्याने यूपीआयचे आकडे काढून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. बेकरीवाले, चहावाले, पानवाले. हावेरीच्या एका भाजीवाल्याला चार वर्षांच्या १ कोटी ६३ लाखांच्या उलाढालीवर २९ लाखांची नोटीस आली, आणि ताज्या भाजीवर तर जीएसटी नसतोच. काही दिवसांत बंगळुरूच्या दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. तुमचे वडील चावडी म्हणतात ती हीच.

तरी दुसरी बाजू ऐका. जीएसटी नोंदणीची मर्यादा मालासाठी वर्षाला ४० लाख उलाढाल अशी आहे. गावातलं किराणा दुकान त्याच्या वर असेल तर नोंदणी करायलाच हवी, मग पैसे नोटेने येवोत की फोनने. आणि खाली असेल, तर भीती चुकीच्या आकड्याची आहे. खात्यात मेव्हण्याचे हातउसने परत आले, भिशी आली, तुम्ही पुण्याहून पाठवलेले दहा हजार आले, सगळं बाहेरून बघणाऱ्याला विक्रीच दिसतं. म्हणून स्कॅनर लावायचा तर दुकानाच्या वेगळ्या चालू खात्यावरच लावा. घरचा एक रुपयाही त्यात येऊ देऊ नका. एवढं एक पथ्य त्या नोटिसा घेणाऱ्यांपैकी अनेकांनी पाळलं असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती, असं मला वाटतं.

शिवाय रोख म्हणजे अदृश्य, हाही भ्रमच. गल्ल्यातली रोख कधी ना कधी बँकेत येते. बचत खात्यात वर्षात १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ते प्राप्तिकर खात्याला कळवते. घाऊक व्यापाऱ्याला एका दिवसात १० हजारांहून जास्त रोख दिलीत तर तो खर्च धरत नाहीत. उलट अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६. हे वडिलांना कागदावर मांडून दाखवा. तोंडी सांगू नका, दुकानदार माणूस आकडा बघितल्याशिवाय पटवून घेत नाही.

आता एक कबुली देतो. कर्ज विभागात असताना मी लोकांची सहा-सहा महिन्यांचे खातेउतारे वाचायचो. पूर्वी त्यात पगार, वीजबिल, विम्याचा हप्ता आणि एटीएममधून काढलेले पाच हजार असायचे. पाच हजारांचं पुढे काय झालं ते त्याचं त्याला ठाऊक. नंतरच्या वर्षांत उतारा चाळीस-पन्नास पानांचा यायला लागला. कोण रोज संध्याकाळी कुठल्या बारमध्ये बसतो, कोण दर मंगळवारी कुठल्या डॉक्टरकडे जातो, दर महिन्याच्या पाच तारखेला कुठल्या बाईच्या खात्यावर चार हजार जातात, सगळं ओळीने. मी काही शोधायला बसलो नव्हतो, कर्जफेडीची ऐपत बघत होतो. पण डोळे मिटून उतारा वाचता येत नाही. त्या रोज बारमध्ये बसणाऱ्याचं कर्ज मी मंजूर केलं. ते नियमात बसत होतं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने काय केलं असतं, सांगता येत नाही. उलट बँकेच्या कागदावर आल्याने पदपथावरच्या माणसाचं भलंही झालंय. २०२० च्या पीएम स्वनिधी योजनेत दहा हजारांचं पहिलं कर्ज मिळालेले फेरीवाले मी पाहिलेत, ज्यांच्याकडे त्याआधी धंद्याचा एकही कागद नव्हता.

उतारा आटोपशीर ठेवायचा असेल तर यूपीआय लाइट वापरा. त्यात पाच हजारांपर्यंत पैसे भरून ठेवायचे आणि हजारापर्यंतचं बिल पिनशिवाय द्यायचं. पासबुकात फक्त भरलेली रक्कम येते, चहाचे दहा-दहा रुपये येत नाहीत. ॲपला ते दिसतात, बँकेच्या कागदावर छापले जात नाहीत. रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया, म्हणजे फोनमधलं डिजिटल चलनही आहे, १ डिसेंबर २०२२ पासून किरकोळ वापरासाठी चाचणी सुरू झाली. नोटेसारखा खासगी असेल असं बोललं जातं. माझ्या गल्लीत अजून तो कुणी मागितलेला नाही.

सरकार नि कंपन्या दूरच्या. रोजचा त्रास जवळच्यांकडून असतो. एखादी मुलगी रिक्षावाल्याच्या वैयक्तिक क्यूआरवर चाळीस रुपये पाठवते. तिचा यूपीआय आयडी तिच्या मोबाइल नंबरचाच असेल तर नाव आणि नंबर दोन्ही त्याच्या फोनवर. रात्री 'हाय' येतो. अशा तक्रारी बँकेत येत नाहीत, कारण बँकेच्या लेखी व्यवहार यशस्वी झालेला असतो. उपाय दोन मिनिटांचा आहे: ॲपमध्ये जाऊन नंबर नसलेला दुसरा आयडी तयार करायचा आणि तोच मुख्य ठेवायचा. घरातल्या मुलींना हे आजच करून द्या. नोट देताना असा प्रश्नच येत नाही, नोटेवर देणाऱ्याचं नाव नसतं.

पण रोखीच्या काळात सगळं गुप्त होतं असं समजू नका. तुमच्या वडिलांची उधारीची वही घ्या. कोणाच्या घरी महिन्याच्या वीस तारखेलाच तेल संपतं, कोणी बिडीचं बंडल बायकोच्या खात्यावर मांडायला लावतो, कोणाचा मुलगा पैसे पाठवायचा बंद झाला, हे सगळं त्या लाल वहीत आहे. आणि ती वही ओट्यावर उघडी पडलेली असते. गावाची चावडी तुमच्याच दुकानात भरते, हे वडिलांना हसत हसत सांगून बघा.

त्या वहीची आणखी एक आठवण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत वीज गेली, टॉवर बंद पडले, एटीएम पाण्यात. फोन हे नुसतं काचेचं तावदान उरलं होतं. दोन दिवस नोटा चालल्या, मग नोटाही संपल्या कारण काढायला जागाच नव्हती. आमच्या बाजूचा किराणावाला वहीत लिहून तांदूळ देत होता. पूर सोडा, १२ एप्रिल २०२५ ला शनिवारी देशभर यूपीआय काही तास अडखळलं तेव्हा पाऊससुद्धा नव्हता. म्हणून घरात आठवड्याच्या खर्चाएवढ्या नोटा ठेवाव्यात, आणि त्या पाचशेच्या नकोत, शंभर-पन्नासच्या हव्यात.

दुकानात स्कॅनर लावल्यावरचे धोके थोडक्यात सांगतो, कारण हे तुम्हाला इतरत्रही वाचायला मिळेल. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समोरचा चोर. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या हिरव्या टिकेवर विश्वास नको, खोटी टिक दाखवणारी ॲप मिळतात. डबा बोलला तरच माल हातात द्या. रोज सकाळी स्टिकर हाताने चाचपून बघा, रात्रीतून वर दुसरं चिकटवून जातात. पैसे कटून अडकले तर एकमेकांना पाठवलेले दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानाला दिलेले पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे, बँकेत गेल्यावर तारीख सांगा, टेबलापलीकडचा माणूस सरळ बसतो. फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन. लगेच म्हणजे जेवण झाल्यावर नव्हे.

एक धोका मात्र कमी लोक सांगतात. कुणी चोरीच्या पैशातून तुमच्याकडे तीनशेचं सामान घेतलं, आणि परराज्यातल्या पोलिसांनी तो पैशाचा माग काढला, तर तुमच्या खात्यावर होल्ड येऊ शकतो. कधी तीनशेवर, कधी अख्ख्या खात्यावर. माझ्या टेबलावर एक चहावाला रोज यायचा. त्याचं खातं दुसऱ्या राज्यातल्या एका ठाण्याच्या पत्रावरून गोठलं होतं, आणि त्याने गुन्हा केला होता तो दोन कटिंग विकण्याचा. सुटायला दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात त्याला तारलं ते बरणीतल्या चिल्लरने. वेगळ्या खात्याचं पथ्य इथेही उपयोगी पडतं. दुकानाचं खातं अडकलं तरी घर चालतं. आणि रात्री दुकानाच्या खात्यातून बरीचशी रक्कम दुसरीकडे हलवायची सवय लावून घ्या.

तर वडिलांसाठी माझं म्हणणं असं: स्कॅनर लावा, वेगळ्या खात्यावर लावा, गल्ला आणि वही आहे तशी राहू द्या. 'फक्त फोन' अशी पाटी गावात कधीच लावू नका. ज्याच्याकडे साधा फोन आहे, आणि ज्याला आपण काय घेतलं याचा माग राहायला नको आहे, अशा दोघांनाही तुमच्या दुकानात यायची लाज वाटता कामा नये.

आता आई. तिचं खातं वडिलांच्या नंबरला जोडलेलं आहे, हे तुम्ही सोय म्हणून लिहिलंत. ॲपमध्ये बँक निवडली की त्या नंबरला जोडलेली त्या बँकेतली सगळी खाती समोर येतात. म्हणजे आईचं खातं आज वडिलांच्या फोनवर दिसू शकतं, आणि तिचं एटीएम कार्ड कपाटातच असेल तर त्यावरचे शेवटचे सहा आकडे टाकून तिचा पिनही तिथेच तयार होऊ शकतो. पैसे तिचे, फोन त्यांचा. तिने बहिणीला पाचशे पाठवले की मेसेज त्यांना. वडील चांगले असतील. मी त्यांच्यावर शंका घेत नाही. पण टेबलावर मी अशा बायका पाहिल्यात ज्यांना आपल्या खात्यात किती आहे हे नवऱ्याला विचारावं लागायचं, आणि त्या हे सांगताना हसायच्या. ऑगस्ट २०२४ पासून यूपीआय सर्कल नावाची सोयही आलीय. तुमच्या खात्यातून आई महिन्याला ठरावीक रकमेपर्यंत खर्च करू शकते. मुलांना वाटतं किती छान. पण आईने गजरा घेतला तरी पुण्यात तुमच्या फोनवर टिंग वाजणार. तिला ते चालेल का, हे आधी विचारा.

आपल्या घरांत बायकांची खरी बँक डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत असते. नोटाबंदीच्या वेळी काउंटरवर मी त्या नोटा मोजल्यात, हळदीचा वास येणाऱ्या, चौघडी घातलेल्या. नवरा शेजारी उभा असला तर त्या बाई माझ्याकडे बघायच्या, आणि मी आकडा मोठ्याने म्हणायचो नाही, स्लिपवर लिहून पुढे सरकवायचो. रोखीचा खासगीपणा म्हणजे काय ते मला तिथे समजलं.

तेव्हा असं करा. आईच्या नावावर वेगळं सिम घ्या, तिच्याच आधारवर. तिला घेऊन बँकेत जा आणि खात्याचा नंबर बदलायचा अर्ज तिच्या सहीने द्या, वडिलांना आधी सांगून. फोन जुना चालेल. लाइटमध्ये पाचशे-हजार भरून द्या. पहिला व्यवहार तुमच्याच दुकानात करायला लावा, दहा रुपयांचा, म्हणजे डबा बोलेल आणि तिची भीती जाईल. पिन तिला निवडू दे, लग्नाची तारीख नको म्हणावं. आणि ती पिन टाकत असेल तेव्हा तुम्ही आणि वडील, दोघांनीही पाठ फिरवून उभं राहा.

डाळीच्या डब्याबद्दल तिला काही विचारू नका.